‘फोटो छान आलाय!’

दिवाळीचा फराळ पुढे आला की आपल्या घरांतून जी समीक्षा चालते, तिच्याइतकी निर्भीड आणि जाणती समीक्षा मराठीत दुसरीकडे क्वचितच आढळेल. चकलीचा तुकडा मोडून थोरल्या काकू म्हणतात, “मोहन जरा जास्त झालंय गं, म्हणून हातात धरवत नाही.” करंजी कानाशी नेऊन हलवली जाते आणि “खुळखुळा झालाय” असा निकाल लागतो. रव्याच्या लाडवाचा पाक पुढे गेला आहे, हे तर लाडू ताटलीत पडल्याच्या आवाजावरूनच कळते. अनारशाला जाळी पडली नाही. पीठ आणखी दोन दिवस मुरायला हवे होते. ह्या बोलण्यात कोणी कोणाचा अपमान करीत नाही. ज्या सुनेने चकल्या केल्या ती घटकाभर हिरमुसते खरी, पण पुढच्या खेपेला मोहन बेताने घालते आणि चकली सुधारते.

मग फराळ आटोपतो. हात पुसून कोणीतरी खिशातला मोबाइल काढतो. वसुबारसेपासून काढलेले दोनशे फोटो एकामागून एक सरकू लागतात. आणि मघाशी पाकाची तार बोटांवर तपासून पाहणारी तीच जाणती मंडळी एकाएकी मुकी होतात. “वा!” “छान आलाय!” “किती गोड दिसतेय!” संपली समीक्षा.

‘आलाय’ हा शब्दच पाहा. चकली आपण करतो, रांगोळी आपण काढतो. फोटोही काढतोच, पण एकदा काढून झाला की तो ‘येतो’. आंब्याला मोहर यावा, मृगाचा पाऊस यावा, तसा तो यायचा असला तर छान येतो, नसला तर येत नाही. काढणाराकडे त्याचा दोषही जात नाही आणि श्रेयही जात नाही. मी स्वतः पन्नासहून अधिक वर्षे हौसेने फोटो काढीत आलो आहे आणि ह्या ‘छान आलाय’वरच माझे भरणपोषण झाले आहे. आज त्याच शब्दाविरुद्ध थोडी तक्रार मांडावयाची आहे. तक्रारीला कारणही तसेच आहे. ते पुढे येईल.

घरची माणसे खोटे बोलतात असे मुळीच नाही. त्यांना फोटो खरोखरच छान वाटतो. बापाला आपल्या पोराचा हललेला, तिरका फोटो दाखवा. त्याला त्यात पोराचे पहिले पाऊल दिसते, त्या दिवशीची त्याची हसण्याची लकब ऐकू येते, आणि एवढे सगळे दिसत असताना कागदावर काय आहे ते दिसण्याला जागाच उरत नाही. काढणाराचे तर त्याहून अवघड. चार तास गड चढून, धापा टाकीत ज्याने सूर्योदय टिपला, त्याच्या फोटोत ते चार तासही असतात. पाहणाराला मात्र तेवढा चौकोनच दिसतो. मग आपण सांगू लागतो, “इथे मागे कळसूबाई आहे बरं का, धुक्यामुळे दिसत नाही.” फोटो दाखवताना जे जे तोंडाने सांगावे लागते, ते ते फोटोत आणायचे राहून गेले आहे, एवढे जरी ओळखले तरी निम्मी टीका आपली आपणच केली असे होईल. पण तेवढा धीर कोणाला असतो?

फोटोवर चार माणसांत बसून बोलण्याची रीत आपल्याकडे नव्हतीच, असेही नाही. दागेरची फोटो घेण्याची कृती पॅरिसमध्ये जाहीर झाली ती १८३९ साली. आणि १८५४ साली मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था निघालीसुद्धा. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळावर होते. सभासद आपली चित्रे सभेत आणून मांडीत आणि ती सर्वांच्या नजरेखालून जात. त्या काळी एकेक फोटो म्हणजे काचा, रसायने आणि अंधारी खोली ह्यांचा केवढा संसार! इतक्या कष्टाने आणलेल्या चित्राला ‘छान’ म्हणून वाटेला लावणे तिथे कोणाला परवडले असेल असे वाटत नाही. फोटो काढणे जसजसे सोपे होत गेले, तसतसे त्याच्यावर बोलणे आखडत गेले, असा माझा एक संशय आहे.

टीका कशी असावी, ह्याचा माझ्या माहितीतला सर्वांत चांगला दाखला न्यूयॉर्कचा आहे. पॉल स्ट्रँड हा तिथला एक हौशी तरुण. जन्म १८९० चा. शाळेत त्याला फोटोग्राफी शिकवली ती लुइस हाइन ह्यांनी, म्हणजे कारखान्यांत राबणाऱ्या अमेरिकेतल्या मुलांचे फोटो काढून ज्यांनी समाजाला खडबडून जागे केले, त्यांनीच. हाइन आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन एकदा आल्फ्रेड स्टीग्लिट्झ ह्यांच्या कलादालनात गेले. फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरचे ते लहानसे दालन घरक्रमांकावरून ‘२९१’ ह्याच नावाने ओळखले जाई. तेव्हापासून स्ट्रँडला फोटोग्राफीचे वेड लागले आणि पुढे तो आपले काम मधूनमधून स्टीग्लिट्झना नेऊन दाखवू लागला.

त्या काळात मऊ, धूसर फोटोंची मोठी चलती होती. मुद्दाम तशी भिंगे मिळत. त्यांतून घेतलेला फोटो कोळशाने काढलेल्या चित्रासारखा दिसे आणि अशा फोटोला ‘कलात्मक’ म्हणण्याचा प्रघात पडला होता. स्ट्रँडचे फोटोही त्याच थाटाचे. स्टीग्लिट्झनी ते पाहिले आणि जे सांगितले ते स्ट्रँड जन्मभर विसरला नाही. मथितार्थ असा, की ह्या भिंगाने तुझ्या चित्रातल्या सगळ्या वस्तू एकाच पदार्थाच्या झाल्या आहेत. गवत पाण्यासारखे दिसते, पाणी झाडाच्या सालीसारखे दिसते. ज्या गुणाने गवत हे गवत असते, तो गुणच हरवला आहे.

ह्या वाक्यांपाशी मी पुष्कळदा थांबलो आहे. त्यांत ‘वाईट’ हा शब्द नाही. ‘तुला प्रतिभा नाही’ असेही नाही आणि ‘आहे’ असेही नाही. चित्रात काय दिसते ते सांगितले, आणि ते तसे कशामुळे दिसते तेही सांगितले. ही थोरल्या काकूंची टीका आहे! चकली तुटते, का, तर मोहन जास्त झाले. ऐकणाराला दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचे ते नेमके कळते. स्ट्रँडला ते कळले. त्याने तो धूसरपणा टाकला, रस्त्यावर उतरला, आणि १९१५ साली वॉल स्ट्रीटवरचा तो फोटो घेतला: बँकेच्या भिंतीतले प्रचंड काळे कोनाडे आणि खालून सकाळच्या तिरप्या उन्हात चालणारी, लांब सावल्या ओढणारी किडामुंगीएवढी माणसे. तिथे दगड दगडासारखा आहे आणि ऊन उन्हासारखे. १९१६ साली त्याने गळ्यात ‘आंधळी’ अशी पाटी अडकवलेल्या एका रस्त्यावरच्या बाईचा चेहरा टिपला. तो पाहताना नजर चुकवावीशी वाटते आणि चुकवता येत नाही. स्टीग्लिट्झनी ‘२९१’मध्ये त्याचे प्रदर्शन भरवले आणि आपल्या ‘कॅमेरा वर्क’ ह्या त्रैमासिकाचा १९१७ चा अखेरचा अंक सबंध त्याच्या फोटोंना दिला.

आता गंमत अशी, की हेच स्टीग्लिट्झ आपल्या त्रैमासिकात वर्षानुवर्षे धूसर फोटो मोठ्या प्रेमाने छापीत आले होते. तेव्हा ‘धूसर ते वाईट’ असा नियम त्यांनी केला असे मानण्याचे कारण नाही. त्यांची तक्रार एका मुलाच्या एका सवयीबद्दल होती. नियम आणि टीका ह्यांतला हा फरक हौशी मंडळींच्या स्पर्धांतून मात्र फार वेळा पुसला जातो.

मीही काही वर्षे अशा एका मंडळाचा सभासद होतो. कोकणातल्या एका खाडीचा फोटो मी स्पर्धेला पाठवला होता. भरतीचे निवांत पाणी, काठावर माड, आणि पाण्यात तेच माड उलटे उभे. परीक्षकांनी क्षणभर पाहून गुण कापले, “क्षितिज मध्यावर आले आहे. चौकटीचे तीन भाग करावेत, क्षितिज वरच्या किंवा खालच्या रेघेवर यावे.” अहो, पण वरचे माड आणि खालचे माड सारखेच होते, हीच तर त्या सकाळची मौज होती! हा तृतीयांशाचा नियम जॉन टॉमस स्मिथ ह्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली ग्रामीण निसर्गचित्रांवरच्या एका पुस्तकात मांडला. तेव्हा फोटोग्राफीचा जन्मही व्हायचा होता. नियम वाईट नाही. नवशिक्याला तो पांगुळगाड्यासारखा उपयोगी पडतो. पण पांगुळगाडा सोडून चालणाऱ्याला ‘तुझा गाडा कुठे आहे?’ असे विचारणे म्हणजे टीका नव्हे. ‘छान आलाय’ म्हणणारा फोटो पाहत नाही आणि नुसते नियम मोजणाराही पाहत नाही. मला तर दोघे सख्खे भाऊच वाटतात.

ह्याउलट, पाहणारा डोळा घरातच लाभला तर काय होते, ह्याची एक सुंदर हकीकत आपल्याच देशातली आहे. रघु राय शिकले होते सिव्हिल इंजिनिअरिंग. त्यांचे थोरले भाऊ एस. पॉल हे नाणावलेले फोटोग्राफर. १९६० नंतरच्या दशकात रघु राय एका खेड्यात गेले असता गाढवाच्या एका शिंगराच्या मागे लागले. ते पळे, हे धावत. पुन्हा पळे, पुन्हा धावत. शेवटी शिंगरू दमले, थांबले आणि त्यांनी फोटो घेतला. रोल धुऊन झाल्यावर त्या फोटोवर बोट ठेवले ते थोरल्या भावाने, आणि त्यानेच तो लंडनच्या ‘टाइम्स’कडे पाठवून दिला. तो तिथे छापून आला. पुढे १९७७ साली आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्यांच्यासारख्या श्रेष्ठ छायाचित्रकाराने रघु राय ह्यांचे नाव ‘मॅग्नम’ ह्या संस्थेसाठी सुचवले. भावाने त्या दिवशी व्याख्यान दिले असेल असे मला वाटत नाही. त्याने निवडले. अनेक फोटोंतून ‘हा’ म्हणणे हीसुद्धा टीका आहे, आणि आज एका सणाचे दोनशे फोटो निघत असताना तिची गरज सर्वांत अधिक आहे. तांदूळ निवडल्याशिवाय कोणी भात टाकीत नाही.

माझ्या वाट्यालाही असा एक डोळा आला होता. ती गोष्ट आता सांगतो.

१९७१ सालची दिवाळी. मी बारा वर्षांचा. काकांनी आपला आग्फा क्लिक थ्री कॅमेरा एका दिवसापुरता माझ्या हाती दिला. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. त्यांतले आठ मी बैल, भावंडे आणि भरदिवसा टांगलेला आकाशकंदील ह्यांवर उधळून टाकले होते. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान करून, नवे लुगडे नेसून आजी अंगणात तुळशीला पाणी घालायला आली. मी म्हटले, “आजी, थांब, तुझा काढतो.” काकांनी बजावले होते, “दहा फुटांच्या आत जाऊ नकोस, धूसर येईल.” मी सावध मुलगा, पंचवीस फूट मागे गेलो. तेवढ्यात वृंदावनही आले, पडवीही आली, कंदीलही आला. खटका दाबला.

फोटो धुऊन आले ते निगेटिव्हएवढेच, दोन बोटे रुंद दोन बोटे उंच म्हणा ना. तालुक्याच्या गावी ज्यांचा स्टुडिओ होता त्यांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी तो फोटो गल्ल्यावर ठेवला आणि विचारले, “हा कोणाचा काढलास?”

“आजीचा.”

“दाखव बघू आजी.”

मी बोट ठेवले. मास्तर म्हणाले, “बघ, बोटाखाली आजी गेली.”

खरेच गेली होती. बोटाच्या चहूकडे अंगण होते, तुळस होती, घर होते. आजी मात्र बोटाखाली सबंध झाकली गेली होती. मास्तर पुढे सांगत राहिले, “दहा फूट म्हणजे दहा फूट. आणि उन्हात उभं केलंस, म्हणून तिनं डोळे बारीक केलेत. ओसरीच्या कडेला बसव, तोंड अंगणाकडे. ऊन अंगणात पडू दे, तिच्या तोंडावर नको. नवा रोल घाल आणि उद्याच्या उद्या काढ.” माझे कान तापले. घरी येऊन मी फोटो सगळ्यांना दाखवला आणि सगळ्यांनी तोंड भरून सांगितले, “छान आलाय!” माझी स्वारी पुन्हा खूश. आजीने फोटो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, “तुळस छान आलीय हो.” तिचीही ती टीकाच होती, हे कळायला मला फार वर्षे लागली. नवा रोल पैशाशिवाय येत नव्हता. पुढच्या दिवाळीला काढू, असे मी मनाशी ठरवले.

१९७२ च्या श्रावणात आजी गेली. तिचा दुसरा फोटो घरात नव्हता. वडील ती निगेटिव्ह घेऊन मास्तरांकडे गेले. मी बरोबर होतो. निगेटिव्हमध्ये तिचा चेहरा तिळाएवढा. तो मोठा करताना नाक-डोळे दाण्यादाण्यांनी विखुरले. मास्तर तीन दिवस त्यावर खपले, पेन्सिलीने भुवया सावरल्या, कुंकू भरले. मला ते एक अक्षरही बोलले नाहीत. वडिलांकडून फक्त कागदाचे पैसे घेतले. तो फोटो चौकटीत घालून माजघरात लागला, आणि अजून आमच्याकडे आहे. ज्यांनी आजीला पाहिले होते, त्यांना तो पुरत असे. ज्यांनी पाहिले नाही, त्यांना त्यात एक म्हातारी बाई आहे इतकेच कळते.

म्हणून माझी ‘छान’शी अढी आहे. मास्तरांचे बोलणे पाच वाक्यांचे होते आणि त्यांतले एकेक वाक्य दुसऱ्या दिवशी करता येण्याजोगे होते. घरच्यांचे ‘छान’ गोड होते, आणि त्या गोडीत दहा महिने निघून गेले.

तेव्हा हौशी वाचकांना माझी विनंती एवढीच, की ह्या दिवाळीत फोटो दाखवायचे तर दोनशे दाखवू नका, पाच दाखवा. आणि दाखवताना गप्प बसा. ‘कसा आलाय?’ असे विचारले की ‘छान’ हे उत्तर ठरलेले. ‘तुझी नजर आधी कुठे गेली?’ असे विचारा. भाची म्हणेल, “मागच्या त्या लाल बादलीकडे.” तुम्ही तर पाटावर बसलेल्या आईचा फोटो काढलेला असतो! बादली तुम्हाला दिसलीच नव्हती, कारण तुम्ही आईकडे पाहत होता. पुढच्या वेळी खटका दाबण्याआधी चारी कोपऱ्यांवरून एकदा नजर फिरवाल, की बादली सरकवाल नाहीतर स्वतः दोन पावले सरकाल. पाहुण्यांच्या डोक्यातून उगवलेले नारळाचे झाड असेच दोन पावलांनी नाहीसे होते.

पणतीच्या फोटोबद्दलही असेच. पणत्यांची ओळ मांडायची आणि फ्लॅशचा झोत टाकून तिचा उजेड मारून टाकायचा, हा उद्योग घरोघरी चालतो. नंतर फोटोत दिसतात त्या नुसत्या तेलकट मातीच्या वाट्या. फ्लॅश बंद करून मोबाइल लाडवांच्या डब्याला टेकवून स्थिर धरला, तर पणतीच्या उजेडात जेवढा चेहरा दिसतो तेवढाच येतो, आणि तेवढाच हवा असतो. चेहरा जवळून हवा म्हणून मोबाइल नाकाशी नेऊ नये, नाक फुगते. आणि दूर उभे राहून बोटांनी चित्र ताणूही नये, माझ्या आजीसारखी गत होते. मधले एक अंतर असते. प्रत्येक माणसाचे ते निराळे असते, असे मला आता आता वाटू लागले आहे. आणि एखादा फोटो कागदावर छापून कपाटाच्या दाराला आठ दिवस चिकटवून ठेवावा. येता-जाता तो आपणहून आपले दोष सांगू लागतो. कोणी न सांगता कळलेला दोष जरा कमी झोंबतो, हाही एक फायदा!

टीका ऐकण्याचेही एक वय असते म्हणतात. माझे ते उशिरा आले. गेल्या दिवाळीत माझी नात माझे जुने फोटो चाळीत बसली होती. ‘हा का काढलास?’, ‘ह्यात काय बघायचं?’ असे तिचे चालले होते, आणि पुष्कळ ठिकाणी तिचे बरोबर होते. खाडीच्या फोटोवर ती बराच वेळ थांबली. मला बरे वाटले. मग भिंतीवरच्या फोटोपाशी गेली. मी नेहमीचे सांगू लागलो, “ही माझी आजी. फार लांबून काढला, म्हणून असा...” तिने मला हाताने गप्प केले. मोबाइल काढून त्या फोटोचा फोटो घेतला, तो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाली, “आजोबा, हा डाग नाहीये. तोंड उघडं आहे तिचं. ती बोलतेय तुझ्याशी.”

पन्नास वर्षे त्या काळ्या ठिपक्याला आम्ही कागदावरचा डाग समजत होतो. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. पोरीचे खरे होते.

“काय म्हणत होती ती?” तिने विचारले.

मला आठवेना.